शंका-समाधान : ताऱ्यांच्या पोटातल्या अभिक्रिया प्रयोगशाळेत मोजताना

ताऱ्यांना ऊर्जा पुरवणाऱ्या अणुकेंद्रीय अभिक्रिया पृथ्वीवर कशा मोजतात, याबद्दल आलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी एकत्र देत आहोत. बरीचशी उदाहरणं एकाच अभिक्रियेची आहेत : नायट्रोजन-१४ एक प्रोटॉन गिळतो, त्याचा ऑक्सिजन-१५ होतो आणि गॅमा किरण बाहेर पडतात. हायड्रोजनपासून हेलियम बनवणाऱ्या कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्रातला हा सगळ्यांत संथ टप्पा, त्यामुळे सगळ्या चक्राचा वेग तोच ठरवतो. किलोइलेक्ट्रॉनव्होल्टसाठी 'केईव्ही' आणि त्याच्या हजारपटीसाठी 'एमईव्ही' असं लिहिलं आहे.

प्रश्न : सूर्याच्या गाभ्याचं तापमान दीड कोटी अंश म्हणतात. हिशेब केला तर ते जेमतेम १.३ केईव्ही भरतं. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्येही याहून जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन असायचे. मग अडचण कसली? (एक शिक्षक, सांगली)

ऊर्जा देण्यात अडचण नाहीच. एवढ्या कमी ऊर्जेला काही घडताना पाहणं अवघड आहे. प्रोटॉन आणि नायट्रोजन यांच्यातली विद्युत प्रतिकर्षणाची भिंत दोन एमईव्हीच्या वर आहे. ती ओलांडण्याइतकी ऊर्जा सूर्यात कुणाकडेच नसते, जे काही होतं ते क्वांटम टनेलिंगने, म्हणजे भिंत न ओलांडता तिच्यातून आरपार निसटून. ऊर्जा वाढली की टनेलिंगची शक्यता झपाट्याने वाढते, पण तेवढी ऊर्जा असलेले कण तितक्याच झपाट्याने कमी होत जातात. या दोन्हींचा गुणाकार मधेच एका ठिकाणी कमाल होतो, त्याला गॅमो शिखर म्हणतात. सूर्याच्या गाभ्यात ते दोन प्रोटॉनसाठी सुमारे ६ केईव्हीला, दोन हेलियम-३साठी २२ केईव्हीला आणि प्रोटॉन-नायट्रोजनसाठी २७ केईव्हीला येतं. तारा जळतो तो या अरुंद पट्ट्यात, तेव्हा मोजमापही खरं तर इथलंच हवं.

आता उतार बघा. प्रोटॉन-नायट्रोजन अभिक्रियेचा क्रॉस सेक्शन (अभिक्रिया घडण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात सांगणारा आकडा) १०० केईव्हीला सुमारे ११ पिकोबार्न असतो, ७० केईव्हीला ०.२४ पिकोबार्न, आणि २७ केईव्हीला एका पिकोबार्नचा साधारण ऐंशी लाखावा भाग. (एक पिकोबार्न म्हणजे १० चा उणे ३६ वा घात इतके चौरस सेंटिमीटर. या सगळ्या ऊर्जा वस्तुमानकेंद्राच्या चौकटीतल्या आहेत. प्रोटॉनची प्रत्यक्ष ऊर्जा त्यांच्या १५/१४ पट धरावी.)

प्रश्न : या आकड्यांवरून दिवसाला किती घटना दिसतील, हे कागदावर काढता येईल का?

येईल, आणि प्रयोग आखताना पहिलं काम तेच असतं. इटलीतल्या, डोंगराखालच्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेतल्या 'लुना' प्रयोगाची मांडणी घेऊ. टार्गेट, म्हणजे ज्यावर प्रोटॉनचा झोत सोडतात ते, नायट्रोजन वायूचं; दाब १ मिलीबार, लांबी १२ सेंटिमीटर. खोलीच्या तापमानाला एवढ्या दाबाच्या एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे ५ × १० चा १६ वा घात इतके नायट्रोजन अणू असतात. गुणिले १२, म्हणजे झोताच्या वाटेत दर चौरस सेंटिमीटरला ६ × १० चा १७ वा घात. झोत ३०० मायक्रोअँपिअरचा धरला तर दिवसाला सुमारे १.६ × १० चा २० वा घात इतके प्रोटॉन जातात. दोन्हींचा गुणाकार करून ०.२४ पिकोबार्नने गुणलं की दिवसाला साधारण २३ अभिक्रिया येतात. त्यातल्या निम्म्याच डिटेक्टर पकडतो. उरल्या ११-१२. प्रत्यक्षातही ७० केईव्हीला दिवसाकाठी सुमारे ११ घटनाच मिळाल्या.

हाच हिशेब २७ केईव्हीला लावला तर एक घटना दिसायला चार-पाचशे वर्षं लागतील. झोत दहापट वाढवला तरी ती चाळीस-पन्नास वर्षं होतात. म्हणून या अभिक्रियेचं सूर्याच्या ऊर्जेला थेट मोजमाप होत नाही. जमेल तेवढं खाली जायचं आणि उरलेलं सिद्धान्ताच्या आधाराने वाढवायचं. त्या वाढवण्यातच फसगत कशी झाली, ते पुढे येईल.

प्रश्न : दिवसाला अकरा घटना मोजायच्या, तर डोंगराखाली जाण्याऐवजी डिटेक्टरभोवती जाड शिसं लावलं तर चालत नाही का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर)

चालतं, पण गॅमाच्या ऊर्जेवर अवलंबून. पार्श्वभूमीचे, म्हणजे आपल्या अभिक्रियेशी संबंध नसलेल्या नोंदींचे, दोन भाग करा. भिंती आणि मातीतून येणारा किरणोत्सार २.६ एमईव्हीपाशी जवळजवळ संपतो. तिथली शेवटची ठळक रेषा थॅलियम-२०८ची, २६१५ केईव्हीला, आणि तिच्या खाली पोटॅशियम-४०ची १४६१ केईव्हीची. हा भाग शिसं अडवतं. त्याच्या वरचं जवळजवळ सगळं विश्वकिरणांमधल्या म्युऑनचं (इलेक्ट्रॉनसारख्याच, पण जड आणि खोलवर घुसणाऱ्या कणांचं) काम. म्युऑन शिशाला जुमानत नाहीत, उलट जाड शिशात ते न्यूट्रॉन आणि कणांचा वर्षाव निर्माण करतात. जमिनीवर शिसं वाढवत गेलं की एका जाडीनंतर फायदा थांबतो तो यामुळे.

प्रोटॉन-नायट्रोजन अभिक्रियेत ७.३ एमईव्ही ऊर्जा सुटते, म्हणजे आपली खूण नेमकी म्युऑनच्या प्रांतात पडते. ग्रान सास्सोची प्रयोगशाळा ला'क्विला आणि तेरामो यांच्यामधल्या महामार्गाच्या दहा किलोमीटर लांब बोगद्याला लागून आहे. डोक्यावर १४०० मीटर खडक. तिथे म्युऑन दहा लाख पटींनी कमी होतात, चौरस मीटरला तासाला एखादा. न्यूट्रॉन सुमारे हजारपटींनी कमी. पण खडकाचा स्वतःचा किरणोत्सार तिथेही आहेच, त्यामुळे ३ एमईव्हीच्या खालचे गॅमा मोजायचे असतील तर भूगर्भात जाऊनसुद्धा शिसं लागतं. तेव्हा मात्र त्याची जाडी हवी तितकी वाढवता येते. आतला थर तांब्याचा ठेवतात, कारण साध्या शिशात शिसे-२१० असतं आणि ते स्वतःच किरण सोडतं.

प्रश्न : मग भूगर्भात गेल्यावर पार्श्वभूमीचा प्रश्न मिटला?

बाहेरचा मिटला. झोत स्वतः जी घाण उकरून काढतो ती सगळीकडे सारखीच, आणि अनुभवी लोक खरे धास्तावतात ते हिला. झोत ज्या छिद्रातून येतो त्याच्या कडेवर फ्लोरिनचा अंश असेल तर ६.१३ एमईव्हीचा गॅमा दिसतो. बोरॉन-११ असेल तर ११.७ आणि १६ एमईव्हीचे गॅमा येतात, आणि त्यांची शेपटी खाली घसरून आपल्या खुणेवर पडते. सगळ्यांत त्रासदायक कार्बन-१३ : त्याची प्रोटॉनशी अभिक्रिया ७.५५ एमईव्ही सोडते, आपली ७.३०. बिस्मथ जर्मनेट, म्हणजे बीजीओ स्फटिकाच्या डिटेक्टरला एवढा फरक स्वच्छ दाखवता येत नाही. आणि कार्बन तर तेलाच्या वाफेतून, बोटांच्या ठशांतून, कुठूनही येतो.

उपाय दोन. झोताला स्पर्श होईल असा प्रत्येक भाग हातमोजे घालूनच हाताळायचा आणि छिद्रांच्या चकत्या वरचेवर बदलायच्या. दुसरं म्हणजे कक्षात नायट्रोजनऐवजी हेलियम भरून त्याच ऊर्जेला, तेवढाच झोत सोडायचा. तेव्हा जे दिसेल ते सगळं परकं. हे दिवस 'वाया' जातात म्हणून टाळायचा मोह होतो; पण ते टाळलेल्या मोजमापावर विश्वास ठेवू नये.

प्रश्न : घन टार्गेट कसं बनवतात? आमच्याकडे थिन फिल्मची यंत्रणा आहे म्हणून विचारतो. (संशोधक विद्यार्थी, पुणे)

नायट्रोजनसाठी टायटॅनियम नायट्राइड. टँटलमची चकती घेतात, कारण तिचं अणुकेंद्र इतकं जड आहे की या ऊर्जांना प्रोटॉन तिच्याशी काही करू शकत नाही, शिवाय ती उष्णता सोसते. नायट्रोजन मिसळलेल्या वायूत टायटॅनियमचं रिअॅक्टिव्ह स्पटरिंग करून चकतीवर थर चढवतात. तुमच्या यंत्रणेत हे सहज होईल, पण त्याच चेंबरमध्ये पूर्वी फ्लोराइडचे थर चढवलेले असतील तर हे टार्गेट तिथे बनवू नका.

खरी परीक्षा झोताखाली. ४०० केईव्हीचा ४०० मायक्रोअँपिअर झोत म्हणजे चकतीवर १६० वॅट. मागून पाणी खेळवलं नाही तर थर उडतो. टार्गेटच्या तोंडापर्यंत तांब्याची नळी नेऊन ती द्रव नायट्रोजनने थंड ठेवतात, म्हणजे पोकळीतली तेलाची वाफ टार्गेटऐवजी नळीवर गोठते. असं केलं नाही तर टार्गेटवर कार्बनचा काळा डाग धरू लागतो. प्रोटॉन आधी त्यातून जातो, थोडी ऊर्जा गमावतो, आणि आपण समजतो त्याहून कमी ऊर्जेने नायट्रोजनला भिडतो.

हे सगळं तपासायला निसर्गाने एक सोय केली आहे : प्रोटॉनच्या २७८ केईव्ही ऊर्जेला या अभिक्रियेत एक तीव्र अनुनाद आहे, म्हणजे नेमक्या त्या ऊर्जेला अभिक्रिया एकाएकी वाढते. रोज एकदा ऊर्जा २७० पासून वर चढवत न्या आणि गॅमांची संख्या आलेखावर मांडा. २७८ला आलेख उभा चढतो, मग सपाट पठार, मग उतार. चढण २७८ऐवजी २८०ला सरकली तर वर कार्बन जमला. पठाराची उंची घटली तर थरातलं नायट्रोजनचं प्रमाण बिघडलं. उतार अलीकडे आला तर थर झिजून पातळ झाला. एका आलेखात तिन्ही रोगांचं निदान होतं. पठार निम्म्यावर येईपर्यंत एकच टार्गेट वापरत राहणं ही काटकसर महागात पडते, कारण नेमका कधी किती नायट्रोजन होता हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : झोतातले प्रोटॉन मोजायला साधा अॅमीटर पुरतो का?

घन टार्गेटला जवळजवळ पुरतो. एक पथ्य पाळायचं : प्रोटॉन आदळला की टार्गेटमधून इलेक्ट्रॉन उडतात. ते निसटले तर प्रत्येक इलेक्ट्रॉन मीटरला एक जादा प्रोटॉन वाटतो, प्रवाह फुगतो आणि क्रॉस सेक्शन कमी निघतो. म्हणून वर सांगितलेल्या थंड नळीलाच उणे ३०० व्होल्ट देतात, ती इलेक्ट्रॉनना परत टार्गेटकडे ढकलते.

वायूच्या टार्गेटमध्ये अॅमीटर निरुपयोगी आहे. वायूतून जाताना प्रोटॉन इलेक्ट्रॉन उचलतो, सोडतो, पुन्हा उचलतो. शेवटी पोहोचणारा कण भारित असेलच असं नाही. मग विजेऐवजी उष्णता मोजतात. झोताच्या शेवटी तांब्याचा ठोकळा, त्याची पुढची बाजू हीटरने ७० अंशांवर धरलेली, मागची बाजू गार. झोत पडला की हीटरला तेवढं कमी काम उरतं. झोताशिवाय लागणारे वॅट वजा झोतासह लागणारे वॅट म्हणजे झोताची शक्ती. तिला एका प्रोटॉनच्या उरलेल्या ऊर्जेने भागलं की प्रोटॉनची संख्या हाती येते. यंत्राचं अंशांकन मात्र आधी वायू काढून टाकून, कक्षालाच फॅरडे कप (झोताचा सगळा विद्युतभार गोळा करून मोजणारं भांडं) बनवून करून घ्यावं लागतं.

वायूच्या टार्गेटला खिडकी नसते, हेही लक्षात घ्या. कितीही पातळ पडदा लावला तरी ७५ केईव्हीच्या प्रोटॉनची बरीचशी ऊर्जा तोच खाऊन टाकेल. त्याऐवजी अरुंद छिद्रांची रांग आणि प्रत्येक टप्प्यावर मोठे पंप लावून दाब उतरवतात. शिवाय झोत स्वतःच्या वाटेवरचा वायू तापवतो आणि तिथली घनता काही टक्के घसरते. कक्षाच्या भिंतीवरचा दाबमापक ते सांगत नाही. अनुनादाची जागा किती सरकली यावरून काढावं लागतं.

प्रश्न : यंत्राची ऊर्जा किती अचूक लागते?

७० केईव्हीपाशी ऊर्जेत १ केईव्हीची चूक झाली की क्रॉस सेक्शनमध्ये सुमारे १७ टक्के चूक होते. लुनाच्या ४०० किलोव्होल्टच्या यंत्राची ऊर्जा ०.३ केईव्हीपर्यंत माहीत आहे. त्यामुळे तेवढ्या एका कारणाने पाचेक टक्के अनिश्चितता उरतेच. 'एवढं महागडं यंत्र असून पाच टक्के?' असं विचारणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

प्रश्न : सूर्याच्या ऊर्जेला मोजताच येत नसेल तर वरच्या आकड्यांवरून काढलेलं उत्तर खरं कशावरून? (वाचक, ठाणे)

हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. क्रॉस सेक्शनमधून टनेलिंगचा अतितीव्र भाग आणि ऊर्जेचा भागाकार बाजूला काढला की उरतो त्याला एस-फॅक्टर म्हणतात. तो ऊर्जेबरोबर फारसा बदलत नाही, त्यामुळे त्याची रेषा खाली वाढवता येते. मात्र वाटेत अणुकेंद्राची एखादी ऊर्जापातळी लपलेली नसेल तरच.

ऑक्सिजन-१५मध्ये ६.७९ एमईव्हीला एक पातळी आहे. प्रोटॉन-नायट्रोजनच्या उंबरठ्याच्या (ते दोघे एकत्र येताना मिळणाऱ्या किमान ऊर्जेच्या) ती सुमारे अर्धा एमईव्ही खाली आहे, त्यामुळे झोताने तिच्यावर थेट पोहोचता येत नाही, पण तिचा प्रभाव वर पसरतो. अभिक्रियेतून ऑक्सिजन थेट तळपातळीला जाण्याचं प्रमाण किती, हे या प्रभावावर ठरतं. १९८७च्या मोजमापात ते मोठं निघालं होतं. नंतर विश्लेषणातून शंका आली आणि तिचं एक कारण डिटेक्टरमध्येच होतं. ऑक्सिजन बहुतेकदा आधी ६.७९च्या पातळीवर उतरतो आणि मग तळाला, म्हणजे एकापाठोपाठ दोन गॅमा सोडतो. डिटेक्टर टार्गेटला अगदी चिकटून असेल तर दोन्ही गॅमा एकदम त्याच्यात शिरतात, बेरीज नोंदली जाते, आणि ती हुबेहूब एका मोठ्या गॅमासारखी दिसते. नसलेलं थेट संक्रमण असल्यासारखं वाटतं. डिटेक्टर दूर नेला की हा दोष घटतो, पण मोजणीही घटते. लुनाने पुढे चार तुकड्यांचा क्लोव्हर जर्मेनियम डिटेक्टर वापरला. प्रत्येक तुकडा वेगळा वाचला की बेरजेचा दोष बराच कमी होतो.

२००४मध्ये लुनाचा आणि २००५मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रयोगशाळेचा निकाल स्वतंत्रपणे आला. शून्य ऊर्जेचा एस-फॅक्टर पूर्वी ३.२ ते ३.५ केईव्ही-बार्न धरत, तो १.७च्या आसपास उतरला. अभिक्रियेचा वेग जवळजवळ निम्मा. सूर्याला फारसा फरक पडला नाही, कारण या चक्राचा त्याच्या ऊर्जेतला वाटा एखादा टक्काच आहे. पण या चक्रातून येणाऱ्या न्यूट्रिनोंचा (पदार्थातून जवळजवळ न अडता आरपार जाणाऱ्या कणांचा) अंदाज अर्ध्यावर आला. जुन्या गोलाकार तारकागुच्छांचं वय मात्र ७० कोटी ते १ अब्ज वर्षांनी वाढलं. ते न्यूट्रिनो २०२०मध्ये बोरेक्सिनो प्रयोगाला दिसले, तेही त्याच डोंगराखाली.

प्रश्न : थेट सूर्याच्याच ऊर्जेला मोजलेली एखादी अभिक्रिया आहे का?

आहे. दोन हेलियम-३ मिळून हेलियम-४ आणि दोन प्रोटॉन. लुनाच्या पहिल्या, ५० किलोव्होल्टच्या छोट्या यंत्रावर ती १६.५ केईव्हीपर्यंत मोजली. १९९९मध्ये निकाल छापला. तिथे क्रॉस सेक्शन ०.०२ पिकोबार्न आणि महिन्याला दोन घटना. त्या काळी सूर्याचे न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा कमी का येतात हे कोडं होतं, आणि इथे एखादा अज्ञात अनुनाद असेल तर ते सुटेल अशी एक कल्पना होती. अनुनाद निघाला नाही. पुढे कळलं की न्यूट्रिनोच वाटेत रूप बदलतात.

यातला एक बारकावा सांगण्याजोगा आहे. हेलियम-३च्या झोतात वस्तुमान ३ असलेला हायड्रोजन-ड्युटेरियमचा रेणू मिसळतो, चुंबक त्याला वेगळा काढू शकत नाही. ड्युटेरियमची हेलियम-३शी अभिक्रिया लाखो पटींनी जास्त सहज होते, तीही प्रोटॉनच सोडते. महिन्याला दोन घटना मोजताना तिचा मागमूससुद्धा परवडत नाही. एकाच वेळी दोन प्रोटॉन दोन डिटेक्टरमध्ये सापडले तरच घटना मानायची, हा त्यावरचा तोडगा.

प्रश्न : प्रयोगशाळेतल्या अणूंभोवती इलेक्ट्रॉन असतात, ताऱ्यात ते सुटे असतात. फरक पडत नाही?

पडतो. इलेक्ट्रॉन प्रतिकर्षण थोडं झाकतात, त्यामुळे अगदी कमी ऊर्जेला क्रॉस सेक्शन वाढलेला दिसतो. तो परिणाम वजा करायचा आणि मग ताऱ्यातल्या प्लाझ्मासाठी वेगळा हिशेब जोडायचा. बऱ्याच प्रयोगांत तो सिद्धान्तापेक्षा जास्त निघाला आहे आणि याचं समाधानकारक स्पष्टीकरण अजून मिळालेलं नाही.

प्रश्न : कार्बनपासून ऑक्सिजन बनण्याची अभिक्रिया अजून नीट का मोजली गेली नाही?

मराठी वाचकांना फ्रेड हॉईल हे जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून माहीत आहेत. कार्बन-१२मध्ये ७.६५ एमईव्हीच्या आसपास पातळी असलीच पाहिजे, हे हॉईल यांचं भाकीत १९५३मध्ये खरं ठरलं. कार्बन कसा बनतो ते कळलं. तो पुढे हेलियम गिळून किती प्रमाणात ऑक्सिजन होतो, हे अजून हवं तितकं अचूक कळलेलं नाही. वीस कोटी अंशांना गॅमो शिखर ३०० केईव्हीला येतं आणि तिथे क्रॉस सेक्शन पिकोबार्नच्या लाखाव्या भागाइतका. थेट मोजमापं एक एमईव्हीच्या आसपास अडकली आहेत. ऑक्सिजन-१६मध्ये उंबरठ्याखाली लपलेल्या पातळ्याही एक नाही, दोन आहेत. त्यात नैसर्गिक कार्बनमध्ये एक टक्का कार्बन-१३ असतो, तो हेलियमशी भिडून न्यूट्रॉन सोडतो आणि ते न्यूट्रॉन डिटेक्टर बुजवतात.

प्रश्न : भारतात असं काही होतं का?

कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये 'फ्रेना' नावाचं ३० लाख व्होल्टचं टँडेट्रॉन यंत्र याच विषयासाठी आहे, मात्र ते जमिनीवर. मुंबईत टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारातलं पेलेट्रॉन हे प्रवेगक यंत्र अप्रत्यक्ष पद्धतींना, म्हणजे जास्त ऊर्जेवर त्याच पातळ्यांचे गुणधर्म तपासायला, योग्य. खोलीचा अनुभव आपल्याला नवा नाही : कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५मध्ये टीआयएफआरच्या गटाने वातावरणातले न्यूट्रिनो नोंदवले होते. भूगर्भातलं प्रवेगक यंत्र मात्र आपल्याकडे नाही. चीनने जिनपिंगला २४०० मीटर खडकाखाली बसवलं आहे, अमेरिकेने होमस्टेकच्या खाणीत.

प्रश्न : कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काय करता येईल? (बी.एस्सी. तृतीय वर्ष, नांदेड)

तीन इंची सोडियम आयोडाइड डिटेक्टर आणि मल्टिचॅनेल अॅनालायझर असेल तर पार्श्वभूमीचा अभ्यास उत्तम होतो. गेन असा लावा की १० एमईव्हीपर्यंतचं पटलावर बसेल. अंशांकन कोबाल्ट-६०च्या ११७३ आणि १३३२ केईव्हीच्या रेषांवर करा. स्रोत डिटेक्टरला चिकटवलात तर २५०५लाही एक छोटं शिखर दिसेल, ते वर सांगितलेल्या बेरजेच्या दोषाचंच. स्रोत काढून रात्रभर मोजा, मग शिशाच्या विटा रचून पुन्हा रात्रभर. १४६१ आणि २६१५ची शिखरं खचतील, ३ एमईव्हीच्या वरची मोजणी जवळजवळ तशीच राहील. तिसरं मोजमाप बहुमजली इमारतीच्या तळघरात घ्या, वरचे स्लॅब काय करतात ते कळेल. रात्री खोलीचं तापमान बदललं की गेन सरकतो, तेव्हा दर तासाचा स्पेक्ट्रम वेगळा साठवा आणि १४६१च्या शिखराची जागा पाहून एकमेकांवर बसवा. शिशाच्या आत ते शिखर क्षीण असेल, तिथे चार-चार तासांचे गट करा.